चोवीस अंशांतली थंडी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला थंडी वाजली. ही काही बातमी नव्हे. मला थंडी वाजते; काहींना राग येतो, काहींना कविता होतात, तसं. पण त्या वेळी मी टेस्ट सेलच्या हवा आत घेणाऱ्या खोलीत उभा होतो, हातात टॉर्च होता, आणि भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर खोलीचं तापमान हिरव्या आकड्यांत लिहिलेलं होतं: चोवीस. चोवीसला थंडी वाजणं हे माझ्या मानानंही जरा अतीच झालं. मी शर्टाची बाही वर सारली. हातावर काटा आला होता. केस एकेक करून उभे, शिस्तीत, शाळेत मुख्याध्यापक वर्गात आल्यासारखे. मी पडद्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, आणि दोघांपैकी एकालाच दर वर्षी प्रयोगशाळेत पाठवून आम्ही प्रमाणपत्र आणत होतो. हाताकडे तसला काही कागद नव्हता. मी बाही खाली केली.

विमानांची इंजिनं दुरुस्त होऊन आमच्याकडे शेवटी येतात. वर्कशॉपात ती पातं न् पातं सुटी करून पुन्हा जोडलेली असतात, आणि ती खरोखर जोडली आहेत की नुसती एकमेकांशेजारी ठेवली आहेत हे बघण्याचं काम आमचं. काँक्रीटच्या उंच, लांबट खोलीत, म्हणजे टेस्ट सेलमध्ये, इंजिन वरून टांगायचं, एका टोकानं हवा आत घ्यायची, दुसऱ्या टोकानं बाहेर सोडायची, आणि इंजिनाला वाटू द्यायचं की आपण निघालो. इतक्या जोरानं कुठंच न जाणारं जगात दुसरं काही नसेल. माझा एक चुलतभाऊ सोडला तर. जाड काचेच्या अलीकडे नियंत्रणकक्षात आम्ही तिघं. आमच्या मुख्यांना सगळे पाचमिनिटे म्हणतात. आडनाव नव्हे ते. उड्डाणाचा पूर्ण थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलायचा जोर, इंजिनाला सलग पाचच मिनिटं द्यायचा असतो, आणि तेवीस वर्षं ते घड्याळ सांभाळल्यामुळे हे जेवतातही पाच मिनिटं आणि रागावतातही पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला विचारतात, आपण कशावर बोलत होतो? दुसऱ्या फिटरताई. इंजिन टांगणं-उतरवणं त्यांच्याकडे. त्यांनी पाना नुसता हातात घेतला तरी बोल्ट आपणहून घट्ट बसतो असं म्हणतात. तिसरा मी, वय सव्वीस, आकडे तपासून शेवटी शिक्का मारणारा. मला हवामानखातं म्हणतात, कारण मी रोज अंदाज देतो आणि त्यावर कोणी छत्री उचलत नाही.

‘‘आत थंडी आहे,’’ काचेच्या अलीकडे येऊन मी म्हणालो.

‘‘आला अंदाज,’’ फिटरताई म्हणाल्या. ‘‘म्हणजे आज उकडणार.’’

‘‘खरंच, ताई. काटा आला अंगावर.’’

‘‘तुला जूनमध्येही आला होता. लग्न कर, जाईल.’’

हे सगळं आईमुळे. आईनं मला लहानपणापासून बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश कमी धरून वाढवलं. पंख्याखाली बसायचं तर मफलर, मफलर घातला तर कानटोपी. वर्गात मी एकटा असा होतो की ज्याची सावलीसुद्धा जाड पडायची. आईचा तळहात हे घरातलं अंतिम न्यायालय. तो कपाळावर टेकला की निकाल, अपील नाही. खरा थर्मामीटर होता, पण तो कपाटात वरच्या फळीवर, डबीत, कापसात, घरातल्या एखाद्या मोठ्या पण निरुपयोगी नातेवाइकासारखा. तिसरीत असताना गणिताच्या परीक्षेच्या दिवशी मी तो चोरून काढला आणि टेबलावरच्या दिव्याला टेकवला. पारा पळत सुटला आणि बेचाळीसला थांबला, तोही नळी संपत आली म्हणून. मी चेहरा पाडून तो आईला दाखवला. आईनं आकडा वाचला, मला वाचलं. कपाळाला हात लावायचीही गरज तिला वाटली नाही. ‘‘एवढ्या तापात माणूस शुद्धीवर राहत नाही,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तू तर चपला कुठंयत म्हणून विचारतोयस. घाल आणि जा.’’ त्या परीक्षेत मला बेचाळीसच मार्क मिळाले. मी हा योगायोग मानत नाही. मी याला आईची नजर मानतो. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात कायमची बसली. तापमान हे दोघांचं असतं, ज्याला आहे त्याचं आणि जो वाचतो त्याचं, आणि दोघांच्या मध्ये कुठंतरी एक दिवा पेटलेला असतो.

इंजिन सुरू झालं. काचेपलीकडे आवाज नसतो, तो पायांतून येतो. टाचेतून पोटरीत, पोटरीतून दाढेत. आधी नुसतं संथ फिरणं, मग चढ, मग पाचमिनिट्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ‘‘घे, पूर्ण,’’ आणि मी दांडा पुढे सारत नेला. पडद्यावर टर्बाइनमागच्या वायूचं तापमान चढायला लागलं, आठशे, साडेआठशे, नऊशे. त्याच्यावर साडेनऊशेला लाल रेघ. सगळी धंद्याची गोष्ट त्या रेघेखाली किती मोकळी जागा उरते एवढीच आहे. आत ज्या पात्यांवर हा वायू आधी, याहून कितीतरी तापलेला असताना, आदळतो, त्यांच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा तो गरम असतो. ती वितळत नाहीत, कारण त्यांच्या अंगाला केसाएवढी भोकं असतात आणि त्यांतून हवा येऊन पात्याभोवती एक पातळ पदर धरते. नोकरीला लागलो तेव्हा हे ऐकून मी दोन रात्री झोपलो नव्हतो. भीतीनं नव्हे, आनंदानं. ज्या वाऱ्यात आपण वितळायला हवं, त्यात हवेचा नुसता पदर ओढून मिनिटाला हजारो फेरे घेत उभं राहायचं. आणि लोक म्हणतात, मी एक स्वेटर जास्त घालतो.

इंजिनाचं वचन असं असतं: बाहेर तीस अंश होईपर्यंत ठरलेला थ्रस्ट पुरा देईन. वीस असो, पंचवीस असो, पुरा. बाहेर गरम होत जातं तसं तोच थ्रस्ट देताना इंजिन आतून जास्त तापत जातं, पण कुरकुर नाही. तीसच्या पुढे मात्र ते स्वतःच हात आखडतं, थ्रस्ट थोडा थोडा कमी करतं, म्हणजे आत लाल रेघ ओलांडली जाऊ नये. म्हणून खरा कस तीस अंशाला लागतो. पण आमच्याकडे रोज तीस अंश कुठून आणणार? मग आहे त्या हवेत चालवायचं आणि हिशेब करायचा: आज इतकं आहे, तीसला किती झालं असतं? बाहेरचा एक अंश आत सव्वातीन होऊन निघतो. पाचव्या मिनिटाला आकडा स्थिरावला. चोवीसच्या हवेत, तीसला नेऊन, नऊशे एकोणचाळीस. रेघेला अकरा बाकी. मार्जिन अकरा. किमान आठ लागतं. ‘‘झालं,’’ पाचमिनिटे म्हणाले आणि घड्याळ थांबवलं. इंजिन उतरायला लागलं. तो आवाज दाढेतून पोटरीत, पोटरीतून जमिनीत गेला.

मागच्या खुर्चीत पाहुणा बसला होता. इंजिन ज्यांचं त्या विमान कंपनीचा माणूस, ते घेऊन जायला आलेला. ट्रक बाहेर उभा होता. हा पाहुणा बोलताना सारखा पेनाचं टोपण काढत आणि लावत असे, त्यामुळे त्याची वाक्यं जरा टकटकीत यायची. ‘‘अकरा म्हणजे बरं आहे ना?’’ टक. ‘‘चालतंय ना?’’ टक. मी म्हणालो, चालतंय. कागद समोर आला. खिशातून शिक्का काढला. हा शिक्का मला आठ महिन्यांपूर्वी मिळाला. त्यावर माझा नंबर आहे, आणि तो उमटला की इंजिन उडू शकतं. आईनं तो पहिल्याच दिवशी एका कोऱ्या कागदावर मारून घेतला आणि फ्रिजवर लावला. तेव्हापासून आमचा फ्रिजही उडायला कायदेशीर परवानगी असलेला आहे. मी शिक्का शाईत टेकवला, वर उचलला आणि तसाच धरून राहिलो. दंडावर अजून काटा होता. काटा म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण माझी थंडी मी सव्वीस वर्षं ओळखतो. तिच्यात प्रकार आहेत. पंख्याखालची थंडी मानेला लागते, भीतीची पोटात, परीक्षेची तळपायाला. ही नुसतीच थंडी होती, प्रामाणिक, बिनकारणाची, वीस अंशांची. मला एवढी खात्री आयुष्यात फार थोड्या गोष्टींची वाटली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या निघाल्या आहेत. तरी ती खात्रीच होती.

‘‘पाच मिनिटं,’’ मी म्हणालो.

‘‘ती माझी,’’ पाचमिनिटे म्हणाले. ‘‘तू कुठं चाललास?’’

मी स्वागतकक्षात चाललो होतो. तिथं एक मत्स्यपेटी आहे, आणि तिच्यात एकच मासा, ज्याला सगळे चेअरमन म्हणतात, कारण तो दिवसभर तोंड उघडतो आणि त्यातून काही निघत नाही. त्या पेटीत काचेचा एक साधा थर्मामीटर तरंगत असतो. वर्कशॉपात दुसरे थर्मामीटर नव्हते असं नाही. होते, पण ते सगळे वर्षाला एकदा त्याच प्रयोगशाळेतून आलेले, एकाच शाळेतून निघालेले, आणि मला आज त्या शाळेबाहेरचा साक्षीदार हवा होता. स्वागतकक्षातल्या बाईंनी विचारलं, काय करताय. मी म्हणालो, चेअरमनसाहेबांची काठी पाच मिनिटांसाठी हवीय. त्या म्हणाल्या, पाणी गार पडलं तर तुम्ही जबाबदार. मी म्हणालो, आज तशीही मीच जबाबदार दिसतोय. मग कँटीनमधून वाटीभर बर्फ आणला, त्यात थोडं पाणी घातलं आणि थर्मामीटर त्यात उभा केला. वितळणारा बर्फ शून्य असतो. त्याला कुणाच्या सहीची गरज नाही. पारा शून्यावर येऊन थांबला, अगदी रेषेवर, एखाद्या सज्जन माणसासारखा. एवढ्या वेळात फोन वाजला. आई.

‘‘जेवलास?’’

‘‘साडेअकरा वाजलेत, आई.’’

‘‘म्हणजे नाही. स्वेटर?’’

‘‘आहे. आई, एक सांग, मला थंडी वाजते ती खरी असते का?’’

 ती म्हणाली, ‘‘खोटी कशाला असेल? तुला वाजते ना?’’

‘‘लोक हसतात.’’

‘‘हसू देत. लोकांना वाजत नाही म्हणून ते हसतात.’’ आणि पुढच्याच श्वासात, ‘‘दही फ्रिजमध्ये राहिलंय, संपव,’’ आणि फोन ठेवला. तिचं आश्वासन हे नेहमी असं दह्यासकट येतं.

थर्मामीटर मी सेलच्या हवेच्या खोलीत नेला आणि भिंतीवरच्या आमच्या मापकाच्या शेजारी दोऱ्यानं टांगला. दहा मिनिटं उभा राहिलो. मागे काचेआडून तिघं मला बघत होते. मी आत्ता कसा दिसत असेन याचा विचार करायला नको होता, तो मी केला: मोठ्या अक्राळविक्राळ इंजिनासमोर एक माणूस, मफलर, आणि माशाचा थर्मामीटर. कितीतरी गोष्टी अशाच दिसत असतील, ज्या पुढे खऱ्या निघाल्या. त्यांतल्या कितीतरी पुढे खोट्याही निघाल्या असतील. त्यांची चित्रं कोणी काढत नाही. भिंतीवर चोवीस. माशाचे वीस. चार अंश. मी उलटसुलट करून पाहिलं, जागा बदलली, पुन्हा पाहिलं. वीस. चार अंश गुणिले सव्वातीन: तेरा. अकरातून तेरा गेले तर उरतात वजा दोन. म्हणजे तीस अंशांच्या दिवशी हे इंजिन नऊशे बावन्नला जाईल, रेघेच्या वर. आणि ज्या कागदावर मार्जिन अकरा लिहिलंय त्याच्यावर अजून शाई सुकली नव्हती. शिक्का मात्र अजून उमटला नव्हता.

चूक कुठं होती ते शोधायला मला चार मिनिटं लागली. शोधायचं नव्हतंच, ती जागा मला ठाऊक होती, मी तिथं स्वतः जाऊन आलो होतो. तीन महिन्यांपूर्वी आमची मापकं तपासणारी प्रयोगशाळा बदलली. जुनी प्रयोगशाळा प्रमाणपत्रात लिहायची: आकड्यात इतके मिळवा. नवी लिहिते: हा मापक इतके जास्त दाखवतो. दोन्ही कागद दिसायला सारखे, तोच रकाना, तीच गोल मोहोर. आमचा मापक दोन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे दोन वजा करायचे होते. मी, शुक्रवारी, जेवणाच्या आधी, सवयीनं, दोन मिळवले. संगणकात माझ्या नंबरानं तशी नोंद आहे, वेळ अकरा अठ्ठावन्न. वीस खरे, बावीस दाखवलेले, चोवीस लिहिलेले. तीन महिने मी थंडी वाजते म्हणून सांगत होतो आणि तीन महिने ती खोटी ठरवणाराही मीच. या गोष्टीचं मला अतोनात हसू आलं. ते दोन सेकंद टिकलं. तिसऱ्या सेकंदाला आठवलं की या तीन महिन्यांत या सेलमधून सहा इंजिनं बाहेर गेली आहेत, आणि सहाही कागदांवर शिक्का माझा आहे.

पाच इंजिनांची काळजी नव्हती. त्यांना तीस-पस्तीसचं मार्जिन होतं. तेरा गेले तरी उरत होतं. सहाव्याचे कागद काढले. मार्जिन सोळा. तेरा गेले, तीन. आणि नवं दुरुस्त झालेलं इंजिन पहिल्या तीन महिन्यांतच सात-आठ अंश खातं, नव्या चपलेचा अंगठा सैल होतो तसं. तीनातून आठ: वजा पाच. ते इंजिन पाहुण्याच्याच कंपनीचं होतं, एका विमानाच्या डाव्या पंखाखाली, रोज उडत होतं.

‘‘बरं,’’ पाचमिनिटे म्हणाले. मी सगळं सांगितलं होतं, बर्फासकट. ते रागावायला हवे होते. घड्याळाकडे बघितलं आणि रागावणं रद्द केलं असावं. पाहुणा बाहेर ट्रकवाल्याशी बोलत होता. ‘‘बर्फ बरोबर आहे. बर्फाशी वाद नाही. आता ऐक. हे जे टांगलंय ते धुऊन काढू. आतून पाणी मारलं की पात्यांवरची घाण जाते, दहा-बारा अंश परत मिळतात. मिळवलेले दोन वजा कर, पुन्हा चालव, खरं मार्जिन दहा निघेल, शिक्का मार. संध्याकाळपर्यंत मोकळे.’’

‘‘आणि सहावं?’’

‘‘ते उडतंय की. तीन महिने उडतंय. ते उडू शकत नाही असं त्याला कोणी सांगितलंय?’’

फिटरताई हसल्या नाहीत. हातातला पाना त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ‘‘साहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी ते इंजिन टांगलं होतं.’’

‘‘मी नाही म्हणत नाहीये ना,’’ पाचमिनिटे म्हणाले. ‘‘कळवूच. रीतसर. अहवाल करू, वरून सही घेऊ, आठवडा जाईल. आज फोन केलास तर आज तुझा शिक्का काढून घेतील, आणि चौकशीत तो परत येतोच असं नाही. हे तुला माहितीये. मी तुझ्यासाठी बोलतोय, गाढवा.’’

ते माझ्यासाठीच बोलत होते. म्हणूनच ते जड होतं. अंगावर धावून आलेला माणूस सोपा, त्याला चुकवता येतं. मायेनं खांद्यावर ठेवलेला हात कसा चुकवायचा. मी खुर्चीत बसलो आणि मला, काही कारण नसताना, बाबांच्या दुकानाचा वास आला. बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं, एका जिन्याखाली, इतकं लहान की इस्त्री मागे सरकवताना बाबांचं कोपर रस्त्यावर जायचं. इस्त्री तापली का हे ते बोटानं पाणी शिंपडून ऐकायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. थेंब फुस्स म्हणाला तर सुती, चर्र म्हणाला तर अजून थांब. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटावर, छातीच्या बाजूला, इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग पडला. तीन दिवस तो कोट आत टांगलेला होता. आई म्हणाली, अस्तर बदलून तो भाग आत घ्या, कळणारही नाही. बाबांनी अस्तर काढलंही. मग रविवारी सकाळी दाढी केली, कोट हातावर घेतला, आणि मला बरोबर घेऊन त्या गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, ते म्हणतील इस्त्री बिघडली. मी सात वर्षांचा होतो, आणि त्या वयात माझा सगळा अभ्यास कारणांचा होता. त्या कारणात काही उणं नव्हतं. बाबा म्हणाले, ‘‘इस्त्री चांगली आहे. माझं लक्ष नव्हतं.’’ एवढंच. तो माणूस बघत राहिला, कोटाकडे नव्हे, बाबांकडे. परत येताना मी विचारलं, इस्त्रीचं नाव का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, ‘‘इस्त्रीचं नाव सांगितलं असतं तर उद्या त्याच इस्त्रीपुढं उभं राहायचंय मला.’’ तेव्हा मला हे फार विनोदी वाटलं होतं. इस्त्रीला कोण घाबरतं? आता काचेपलीकडे ते इंजिन टांगलेलं होतं, तोंड उघडं ठेवून, अजून कोमट. मला उद्या त्याच्यापुढं उभं राहायचं होतं. शिक्का असो नसो.

सहाव्या इंजिनानं काय होईल, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याचीच भीती वाटली. विमान पडणार नव्हतं. तसं असतं तर प्रश्नच नव्हता. मोठ्या संकटात माणूस आपोआप शहाणा होतो. काय होईल, तर एखाद्या तापलेल्या दुपारी, भरलेल्या वजनानं, धावपट्टीच्या मधोमध, थांबायला उशीर आणि उडायला वेळ अशा त्या दोन-तीन सेकंदांत पायलटसमोर एक आकडा लाल होईल. पाचच अंश वर. त्याला माहीत नसेल की हे पाच अंश एका शुक्रवारी जेवणाच्या आधीचे आहेत. त्याला वाटेल इंजिन जळतंय. मग तो जे काही करेल ते माझ्या वतीनं करेल.

पाहुणा आत आला. टक. ‘‘काय म्हणतंय मार्जिन?’’

‘‘वजा दोन,’’ मी म्हणालो. ‘‘आणि तुमच्या कंपनीच्या देखभाल कक्षाला फोन लावा. आत्ता. मला बोलायचंय.’’

पेनाचं टोपण त्याच्या हातात राहिलं. त्यानं पाचमिनिट्यांकडे पाहिलं. पाचमिनिट्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, माझ्या अंदाजानं पाच मिनिटांपेक्षा कमी, आणि मग टेबलावरचा फोन उचलून स्वतःच पाहुण्यापुढं सरकवला.

पलीकडे एक बाई होत्या, आवाज कोरडा, मागे छापखान्यासारखी टकटक. मी इंजिनाचा नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, हो, ते विमान फाटकाला उभं आहे, लोक बसतायत, एक वाजता सुटेल. तिथं आज चौतीस होतं. वजन पुरं भरलेलं. उड्डाण पूर्ण थ्रस्टवर. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, ‘‘का?’’

‘‘त्याचं मार्जिन कागदावर सोळा आहे. खरं आज वजा पाच धरा.’’

‘‘वजा?’’

‘‘वजा.’’

टकटक थांबली. ‘‘विमान थांबवू?’’

‘‘थांबवायची गरज नाही. पूर्ण थ्रस्ट द्यायचा नाही एवढंच. सामान उतरवा, वजन कमी करा, आणि गृहीत तापमान बावन्न घाला.’’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सभ्य खोटेपणा. बाहेर चौतीस असतात, इंजिनाला सांगायचं बावन्न आहेत. ते बिचारं विश्वास ठेवतं, बावन्नच्या मानानं हात आखडतं, कमी थ्रस्ट देतं, कमी तापतं, जास्त जगतं. रोज हजारो विमानं अशी थापेवर उडतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण थाप मारणाऱ्याला खरा आकडा माहीत असतो. सगळं त्या शेवटच्या अटीवर आहे. ‘‘रात्री उतरलं की बाजूला घ्या. कागद मी पाठवतो.’’

‘‘हे मला कुणाच्या तरी शब्दावर करावं लागेल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माल उतरवायचा तर वर विचारतील. मापक बिघडला होता का?’’

‘‘मापक चांगला आहे. आकडा मी उलटा भरला.’’

‘‘तुम्ही म्हणजे कोण? नाव सांगा.’’

मी नाव सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणाल्या. पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, मग एकेक अक्षर सुटं करून, त्यानंतर शिक्क्याचा नंबर.  माझं पूर्ण नाव इतक्या मोठ्यानं मी स्वतःसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. ते बरंच लांब होतं, आणि मधे कुठं थांबावं हे मला कळेना. बाई म्हणाल्या, ‘‘लाइनवर थांबा,’’ आणि फोन टेबलावर ठेवला असावा, कारण मला त्यांची खुर्ची सरकलेली ऐकू आली. मग त्यांनी कुणाला तरी हाक मारली आणि माझं नाव सांगितलं, एक अक्षर खाऊन. त्या माणसानं ते आणखी कुणाला सांगितलं, तेव्हा आडनावच बदललं. पुढे एका वायरलेसवरून ते खाली विमानापाशी गेलं, आणि तिथून उलट जे नाव आलं ते माझ्या ओळखीतल्या कुणाचंच नव्हतं. मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो. प्रत्येक तोंडात नाव नवीन होत होतं, आणि प्रत्येकजण त्याच्यामागे तेच म्हणत होता: गृहीत बावन्न, मार्जिन वजा पाच. वजा पाच. वजा पाच. एकानंही वजा गाळला नाही.